मागचे पाटे घरीच बदलताना: जिप्सी, जुनी थार आणि तशाच फोर-बाय-फोर गाड्यांसाठी

मागचे पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे एक्सलवर गाडीचा भार पेलणाऱ्या स्टीलच्या कमानदार पट्ट्यांचे संच) बसलेत का, म्हणजे कमान जाऊन खाली आलेत का, हे लांबून गाडीकडे बघून ठरवू नका. टेप लावा. गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करा, थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे सस्पेन्शन मोकळं होईल, आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधल्या हवेचा फरक आकड्यात शिरतो, चाकाच्या मध्यापासून मोजलं तर शिरत नाही. डावा आणि उजवा असे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. मग वाकून एक्सलच्या वरचा रबरी बम्प स्टॉपर बघा. रिकाम्या गाडीतही तो एक्सलला टेकायला आला असेल, किंवा त्याच्यावर ताज्या घासल्याच्या खुणा असतील, तर पाट्यांचं आयुष्य संपत आलं आहे.

पाटे बसण्याखेरीज ते तुटतातही. तडा बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या (संचातले पाटे एकत्र धरणारा बोल्ट) भोकापाशी, यू-बोल्टच्या (संच एक्सलला आवळणारा यू आकाराचा बोल्ट) कडेला किंवा डोळ्याजवळ (पाट्याच्या टोकाचं गोल वेटोळं) जातो, कारण ताण तिथेच एकवटतो. वायर ब्रशने माती काढून, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून एकेक पाटा बघा. काळ्या मातीच्या थराखाली तडा सहज लपतो, आणि आपल्याकडे नागपूर भागात या मातीची कमतरता नाही. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांतून क्रेट भरून येणारी गाडी असो, उमरेडकडची कोळशाची धूळ खाणारी असो, की पेंच-ताडोबाच्या गेटवर पर्यटक नेणारी जिप्सी असो, पावसाळ्यात पाट्यांच्या फटीत ओली काळी माती शिरते, उन्हाळ्यात ती विटेसारखी सुकते आणि आतला गंज मात्र चालूच राहतो. डोळ्यांत बसवलेल्या बुशांचं रबर उन्हाने कडक होऊन चिरतं, मग खड्ड्यात मागून खटखट ऐकू येते. पुष्कळदा ती खटखट पाट्याची नसून फक्त बुशची असते. त्यामुळे आधी पहार घालून शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चॅसिसला जोडणारी झुलती जोडपट्टी, हलवून बघा. पाटे चांगले आणि बुश गेले असतील तर अर्ध्याहून जास्त खर्च वाचतो.

हा लेख मागे पाटे असलेल्या गाड्यांसाठी आहे: जिप्सी, २०१० ते २०२० मधली जुनी थार, बोलेरोचे फोर-बाय-फोर प्रकार, इसुझू व्ही-क्रॉस. मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांचं काम वेगळं असतं, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

हे काम घरी का करावं, हेही आधीच सांगतो. पाटे काढणं-घालणं कोणीही करून देईल. पण या कामातल्या दोन गोष्टींवर पाट्यांचं आणि बुशांचं आयुष्य ठरतं: डोळ्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळणं, आणि थोडं अंतर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळणं. गर्दीच्या वेळी या दोन्ही गोष्टी सहज राहून जातात. आपल्या अंगणात आपण घाईत नसतो.

कोणते पाटे घ्यायचे

दुकानात पहिला सल्ला मिळतो तो हेवी-ड्युटी पाट्यांचा, किंवा जुन्याच संचात एक जादा पाटा टाकण्याचा. थांबा आणि हिशोब करा. पाट्याचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या आणि रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. ६ मिलीमीटरच्या जागी ७ मिलीमीटर जाडीचा पाटा घातला की तो दीडपटीहून जास्त कडक होतो. एका मिलीमीटरचा हा परिणाम. वर्षातले दोन महिने संत्र्याचे क्रेट आणि बाकीचे दहा महिने रिकामी गाडी, असा वापर असेल तर कडक पाटे त्या दहा महिन्यांत तुम्हाला आणि मागच्या सीटवरच्या माणसांना हैराण करतील. रिकाम्या गाडीचं मागचं चाक खड्ड्यात नीट टेकणार नाही, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना ते जाणवेल. माझं मत स्पष्ट आहे: रोज भार वाहत नसाल तर मूळ क्षमतेचेच पाटे घ्या. रोज वाहत असाल तर जास्त क्षमतेचे घ्या, पण शॉकअपही त्याच जोडीचे घ्या. कडक पाट्याची उसळी जुना शॉकअप आवरू शकत नाही.

उंची वाढवण्यासाठी पाटे बदलायचे असतील तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, एक्सलच्या तोंडाचा कोन बदलला की प्रॉपेलर शाफ्टचे (मागच्या एक्सलला फिरवणारा लांब दांडा) जॉइंट वाकड्या कोनात फिरतात आणि ठरावीक वेगाला थरथर सुरू होते. दुसरी कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मूळ मापाचा नवा पाटा टाकणं ही साधी दुरुस्ती आहे, त्यात असा प्रश्न येत नाही.

पाटे नेहमी जोडीने बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला ठेवला तर गाडी एका कुशीवर झुकते.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेण्याचा पर्यायही असतो. ट्रकांचा राबता असलेल्या, नागपूरजवळच्या वाडीसारख्या भागात हे काम करणारी माणसं सापडतात आणि त्यांच्या हातात कौशल्य असतं. मात्र कमान थंड पाट्यावर दाबून किंवा ठोकून द्यायला हवी. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा पुन्हा नीट पाणी देऊन आणि टेम्पर करून घेतला नाही, तर त्याची स्प्रिंग मरते आणि तो लवकर बसतो किंवा तुटतो. थंड कमान दिलेला पाटाही नव्याइतका टिकत नाही. जुन्या स्टीलला आतून आलेला थकवा कमान देऊन जात नाही. तडा गेलेल्या पाट्याला कमानही नको आणि वेल्डिंग तर नकोच.

पाट्यांसोबत यू-बोल्ट नट-वॉशरसह नवेच घ्या. यू-बोल्ट आवळताना ताणला जातो आणि त्याचे आटे त्या ताणाला बसतात. तोच पुन्हा वापरला तर तो पूर्वीची पकड देत नाही. बुश, शॅकलचे बोल्ट आणि डोळ्याचे बोल्टही याच वेळी बदला. सगळं एकदा उघडलेलं असताना हा खर्च परवडतो.

नवा पाटा घरी आणला की जुन्या गाडीखाली शिरण्याआधी तीन गोष्टी तपासा. डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, रुंदी, आणि सेंटर बोल्टपासून पुढच्या डोळ्याचं अंतर. अनेक पाट्यांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो, म्हणून पुढची आणि मागची बाजू वेगळी असते. त्यावर खडूने पुढे असं लिहून ठेवा. चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त चुकते: सेंटर बोल्टचं डोकं एक्सलकडे असायला हवं. जिप्सीत पाटा एक्सलच्या खालून जातो, म्हणून डोकं वर. काही पिकअपमध्ये पाटा एक्सलच्या वरून जातो, तिथे डोकं खाली. तुमच्या गाडीत कोणती रचना आहे ते आत्ताच बघून घ्या, कारण पुढे एक्सल उचलायचा की खाली सोडायचा हेही त्यावरच ठरतं.

जागा, वेळ आणि हत्यारं

जागा पक्की हवी. सिमेंटचं अंगण किंवा पार्किंगची फरशी उत्तम. मोकळ्या काळ्या मातीवर हे काम करू नका. वरून सुकून टणक दिसणारी ही माती भाराखाली भेगांसकट खचते आणि जॅक तिरका होतो. मुरमाचं दाबलेलं अंगण असेल तर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट घाला.

मे महिना टाळा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. नवतपातल्या साध्या दिवशीही उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही आणि गाडीखाली हवा हलत नाही. घामेजल्या हाताने आणि थकलेल्या डोक्याने टनभर लोखंडाखाली झोपू नये. दिवाळीनंतरची थंडी या कामाला सगळ्यांत चांगली. सफारीची गाडी असेल तर व्याघ्र प्रकल्पाचं कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, तो काळ सोयीचा, फक्त डोक्यावर पत्रा हवा.

हत्यारांत अर्धा इंची सॉकेट सेट, त्याला लांब दांडा, रिंग पाने, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळता येणारा पाना), मोठा हातोडा, पितळी रॉड, पहार, वायर ब्रश आणि दोन सी-क्लॅम्प लागतात. दोन ट्रॉली जॅक असले तर काम खूप सोपं होतं. एकच असेल तर जोडीला गाडीचा स्वतःचा जॅक वापरा. जॅक स्टँड म्हणजे घोड्या मात्र किमान दोन आणि गाडीच्या वजनाला पुरेशा क्षमतेच्या हव्यात. विटा आणि सिमेंटचे ठोकळे चालत नाहीत, ते आधी सूचना न देता फुटतात. डोळ्यांना चष्मा लावा. गंजाचा कण डोळ्यात गेला की काम तिथेच थांबतं. सोबत एक माणूस असू द्या, ताकदीपेक्षा लक्ष ठेवायला.

टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा याचे, आकडे इथे मुद्दाम देत नाही. ते गाडीगणिक आणि बोल्टगणिक बदलतात. आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून यू-बोल्ट, पुढचा डोळा, शॅकल, शॉकअप आणि चाक असे पाच आकडे काढून भिंतीवर चिकटवा.

आदल्या दिवशीचं काम

आदल्या दिवशी सगळे बोल्ट वायर ब्रशने घासा, विशेषतः आट्यांचा बाहेर आलेला भाग. त्यात अडकलेल्या मातीमुळेच नट अर्ध्यात जाम होतो. मग गंज सोडवणारं तेल सगळीकडे फवारा, संध्याकाळी पुन्हा एकदा, आणि सकाळी काम सुरू करण्याआधी अजून एकदा. जमलं तर मधल्या वेळात बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचे हलके ठोके द्या, त्या कंपनाने तेल आत उतरतं. हे सगळं ज्याने केलं त्याचा दुसरा दिवस निम्मा होतो.

गाडीखालचे फोटो काढा. ब्रेकचा होज कुठून जातो, हँडब्रेकची केबल कुठे अडकवली आहे, डिफरन्शियलची (एक्सलच्या मधला गिअरचा फुगीर डबा) श्वास घेणारी नळी कशी लावली आहे, शॅकल कोणत्या बाजूला झुकली आहे. एबीएस असेल तर सेन्सरची वायरही.

गाडी उचलणं

इथे फोर-बाय-फोर गाडीचा एक खास धोका आहे. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर काम करतो, आणि आपण तीच चाकं उचलणार आहोत. ज्या गाड्यांत हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरचा डबा) शाफ्टवर असतो, तिथे तर एकच मागचं चाक उचललं तरी डिफरन्शियलमुळे गाडी सरकू शकते. गिअरमध्ये टाकलेली गाडीही टू-व्हील मोडमध्ये मागच्याच चाकांवर अडलेली असते. म्हणून ट्रान्सफर लिव्हर ४एल मध्ये (चारही चाकं, कमी वेगाचा गिअर) टाका, पहिला गिअर घाला आणि पुढचे फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून मोकळी करणारे) असतील तर ते लॉक करा, म्हणजे पुढची चाकंही गिअरबॉक्सला बांधली जातील. एवढं करूनही पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी ठोका. भरवसा पाचरींवरच ठेवा, बाकी सगळं जोडीला.

गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट आणि यू-बोल्टचे नट पाव फेरा ढिले करा. जड बोल्टशी झटापट हवेतल्या गाडीखाली करायची नाही.

आता ट्रॉली जॅक डिफरन्शियलच्या हाउसिंगखाली लावून मागचा भाग उचला. दोन्ही घोड्या चॅसिसखाली लावा, मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पुढचा डोळा धरणारा चॅसिसवरचा ब्रॅकेट) थोड्या पुढे, जिथे चॅसिसचा तळ सपाट आणि मजबूत आहे. जॅक हळूहळू सोडा, गाडीचं वजन घोड्यांवर येऊ द्या. गाडीला बाजूने जोरात धक्के देऊन बघा. हलली तर पुन्हा उतरवा आणि परत लावा. चाकं काढून ती चॅसिसखाली आडवी सरकवून ठेवा. काही निसटलंच तर तेवढी जागा जीव वाचवते.

जॅक एक्सलखाली तसाच राहू द्या. आता तो गाडी उचलण्यासाठी नाही, फक्त एक्सल वर-खाली करण्यासाठी आहे.

पाटा काढणं

एका वेळी एकच बाजू. दोन्ही पाटे एकदम सोडले तर एक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारं काही उरत नाही. तो जॅकवर फिरतो आणि ब्रेकची नळी ओढली जाते. ज्या बाजूचं काम चालू आहे, त्या बाजूला एक्सलच्या टोकाजवळ दुसरा जॅक लावा, कारण मधल्या एका जॅकवर एक्सल तराजूसारखा कलंडतो.

शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. काही गाड्यांत तो यू-बोल्टच्या प्लेटवरच असतो. पाट्याला किंवा प्लेटला बांधलेल्या केबल आणि नळ्या सोडवा. भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह काही गाड्यांत चॅसिसवर असतो आणि एक बारीक दांडा त्याला एक्सलशी जोडतो. तो दांडा एक्सलकडून सोडा आणि त्याची मूळ जागा खुणेने नोंदवा. ब्रेकच्या होजवर एक्सलचं वजन कधीही लटकू देऊ नका. तो ताणलेला वाटला तर एक्सल थोडा उचला.

यू-बोल्टचे नट पूर्ण काढून प्लेट बाजूला करा. एखादा नट वळत नसेल तर तो कापून टाका, यू-बोल्ट तसाही नवा घालायचा आहे. पाटा एक्सलच्या खालून जात असेल तर आता एक्सल जॅकने दोन बोटं उचला, सेंटर बोल्टचं डोकं खाचेतून सुटेल. वरून जात असेल तर तेवढाच खाली सोडा.

आता डोळ्यांचे बोल्ट. पाट्यावर ताण आहे की नाही हे बोल्टच सांगतो. नट काढल्यावर तो पान्याने सहज फिरत असेल तर ताण गेला आहे. अडत असेल तर पाट्याखाली जॅक देऊन किंचित वर-खाली करा, एका ठरावीक उंचीला तो मोकळा होतो. आधी मागची शॅकल सोडा, मागचं टोक लाकडी ठोकळ्यावर उतरवा, आणि मग पुढचा बोल्ट काढा. पाट्यांचा संच दिसतो त्यापेक्षा बराच जड असतो, म्हणून पुढचा बोल्ट बाहेर येण्याआधी खाली आधार हवा. चेहरा आणि छाती त्याच्या खाली नको.

गंजलेला पुढचा बोल्ट हा या कामातला सगळ्यांत अवघड टप्पा आहे, आणि बहुतेक माणसं इथेच अडकतात. नट निघतो, बोल्टचं डोकं फिरतं, पण बोल्ट बाहेर येत नाही. बोल्ट आणि बुशच्या आतली लोखंडी नळी गंजून एक झालेली असतात, आणि तुम्ही फिरवता तेव्हा रबर फक्त पिळलं जातं. नुसतं ठोकत बसलात तर आट्यांचं टोक पसरतं आणि मग तो कधीच निघत नाही. नट उलटा, आट्यांच्या टोकाशी समपातळीत येईल इतका लावा आणि त्या नटावर पितळी रॉड ठेवून ठोका. मध्येमध्ये बोल्टचं डोकं दोन्ही दिशांनी फिरवत राहा, तेल पुन्हा सोडा, अर्धा तास जाऊ द्या. तरीही नाहीच निघाला तर हँगर आणि पाट्याच्या डोळ्यामधल्या फटीत हॅकसॉचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापा. वेळ लागतो, पण हँगर शाबूत राहतो. गॅसची ज्योत लावू नका, इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या जवळच असतात. ग्राइंडरच्या ठिणग्यांनाही हेच लागू आहे, विशेषतः पेट्रोलच्या जिप्सीत.

उघडं पडलेलं चॅसिस

पाटा निघाल्यावर लगेच नवा चढवू नका. हँगर आणि शॅकलचा ब्रॅकेट घासून साफ करा. वेल्डिंगच्या कडेने बारीक रेघ दिसते का, बोल्टचं भोक लांबट झालं आहे का, पत्रा हातोडीच्या टोकाने ठोकल्यावर खणखणीत वाजतो की बसका, हे बघा. इथे तडा असेल तर नवे पाटे घालून उपयोग नाही, आधी जाणकार वेल्डरकडून ते काम करून घ्या. सगळं ठीक असेल तर गंजरोधक प्रायमर मारा. एक्सलवरची पाट्याची बैठक आणि तिच्यातलं सेंटर बोल्टचं भोकही स्वच्छ करा. तिथे मातीचा थर राहिला तर यू-बोल्ट आवळलेले वाटतात, आणि महिन्याभरात तो थर चुरून ते ढिले पडतात.

नवा पाटा चढवणं

रबरी बुश बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, नैसर्गिक रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं. पॉलियुरेथेन बुश असतील तर त्यांना त्यांच्यासोबत येणारं सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर ते करकर वाजतात. बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला मात्र गंजरोधक ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी हॅकसॉ काढावा लागणार नाही.

पुढचा डोळा आधी हँगरमध्ये घालून बोल्ट आणि नट हाताने लावा. मग मागचं टोक उचलून शॅकल लावा, तीही हातानेच. नवा पाटा जास्त कमानीचा असल्याने डोळ्यांमधलं अंतर थोडं कमी असतं. शॅकल पहारीने पुढे ढकलून धरली की बोल्ट जातो. शॅकलचा झुकाव फोटोत होता त्याच दिशेला हवा. ती उलटी दुमडली तर पहिल्याच खड्ड्यात पाट्याची कमान अडकते.

एक्सल जॅकने हळूहळू आणत सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसवा. बोट फिरवून खात्री करा की ते पूर्ण आत गेलं आहे. डोकं भोकाच्या कडेवर चढलेलं असताना यू-बोल्ट आवळले तर डोकं कापलं जातं, एक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालायला लागते. नवे यू-बोल्ट आणि प्लेट लावून चारही नट असे आवळा की चारही ठिकाणी आट्यांची लांबी सारखी बाहेर दिसेल. मग तिरप्या जोडीने, म्हणजे पुढचा-डावा, मागचा-उजवा, पुढचा-उजवा, मागचा-डावा, अशा क्रमाने तीन टप्प्यांत अंतिम टॉर्कपर्यंत या. एका बाजूचे दोन आधी घट्ट केले तर प्लेट तिरकी बसते. शॉकअप आणि व्हॉल्व्हचा दांडा जोडा.

सेंटर बोल्ट तुटलेला किंवा बदलायचा असेल तर तो उघडण्याआधी संचाला दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्प घाला. पाटे वेगवेगळ्या कमानीचे असतात आणि दाबून एकत्र धरलेले असतात, बोल्ट सुटताच ते उसळून वेगळे होतात.

दुसरी बाजू याच क्रमाने करा. तिला निम्मा वेळ लागतो.

चाकांवर उभी करून आवळणं

आतापर्यंत डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट फक्त हाताने लावलेले आहेत, आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहेत. रबरी बुशची आतली नळी बोल्ट आवळला की हँगरला घट्ट धरली जाते. त्यानंतर पाटा वर-खाली होताना बुश घसरत नाही, रबर स्वतः पिळलं जातं. एक्सल खाली लटकलेला असताना बोल्ट आवळला तर तीच स्थिती रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. मग गाडी चाकांवर उभी राहिली की रबर कायम पिळलेलंच राहतं, प्रत्येक खड्ड्यात अजून पिळलं जातं आणि काही महिन्यांतच फाटतं. नवे पाटे घालून वर्षाच्या आत पुन्हा खटखट सुरू झाल्याच्या तक्रारी येतात, त्यांत हे एक मोठं कारण असतं.

म्हणून चाकं लावा, घोड्या काढा, गाडी जमिनीवर उतरवा. चाकांचे नट टॉर्कला आवळा. मागचा बम्पर पाच-सात वेळा दाबून सोडा आणि अंगणातल्या अंगणात गाडी पुढे-मागे घ्या, म्हणजे पाटे आपल्या उंचीला येतील. पाचरी पुन्हा लावा. आता खाली शिरून पुढचे आणि शॅकलचे बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. फोर-बाय-फोर गाड्या उंच असल्याने त्यासाठी गाडी उचलावी लागत नाही, आणि उचलायचीही नाही.

मग टेप घेऊन एक्सलपासून पुढच्या हँगरच्या बोल्टपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. ते सारखं हवं. वेगळं आलं तर एका बाजूचं सेंटर बोल्टचं डोकं बसलेलं नाही, गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेकचा होज एक्सल पूर्ण खाली गेला तरी ताणत नाही ना, हेही बघा. गाडी मागून उंच झाली असेल तर भारानुसार ब्रेकचा दाब बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावावा लागतो, कारण उंची बदलली की तो गाडी रिकामी आहे असं समजून मागचा ब्रेक कमी करतो. हेडलाइटचा झोतही खाली येतो. रात्री भिंतीसमोर उभी करून तो सरळ करा.

पहिली फेरी मोकळ्या गल्लीत, कमी वेगाने. ट्रान्सफर लिव्हर २एच मध्ये (फक्त मागची चाकं) आणि हब पूर्वीसारखे मोकळे आहेत ना, हे आधी बघा. ब्रेक दोन-तीनदा दाबून गाडी सरळ थांबते का, स्टीअरिंग सोडल्यासारखं धरल्यावर एका बाजूला ओढते का, ते तपासा. मग रिंग रोडवर काढा आणि वेगाला थरथर येते का बघा.

शंभरेक किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंगाचा थर दबतो आणि पकड थोडी कमी होते. पाचशे किलोमीटरला परत एकदा. रामटेक-देवलापारच्या जंगलवाटांवर गाडी घालायची असेल तर हे पहिलं आवळणं झाल्यावरच घाला. पाट्यांवर जुनं इंजिन ऑइल फवारण्याची सवय मात्र सोडा. त्याने धूळ चिकटते, आणि तेल बुशवर आणि ब्रेकच्या लायनरवर गेलं तर दोन्ही खराब होतात. पावसाळा संपला की पाण्याच्या जोराने माती धुऊन काढणं जास्त कामाचं आहे.

मागे कॉइल स्प्रिंग असेल तर

२०२० नंतरची थार, स्कॉर्पिओ-एन आणि जिम्नी या गाड्यांत मागे अखंड एक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहे. इथे एक्सलला जागेवर धरण्याचं काम लिंक आर्म करतात, म्हणून स्प्रिंग काढणं पाट्यांपेक्षा सोपं आहे. गाडी उचलण्याचा आणि पाचरींचा भाग तसाच. चॅसिस घोड्यांवर, एक्सल जॅकवर. जॅकने एक्सल थोडा वर धरून दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, स्टॅबिलायझरची लिंक असेल तर ती सोडा, ब्रेकच्या होजचं ब्रॅकेट मोकळं करा. मग जॅक अगदी हळू सोडत जा. एका उंचीला स्प्रिंग हाताने फिरेल इतकी सैल होते, तेव्हाच ती काढा. सैल झाली नसेल तर पहारीने उपटू नका. काय अडकतं आहे ते शोधा, बहुधा होज किंवा केबलच असते.

नवी स्प्रिंग घालताना वरचा रबरी कप नवा घ्या आणि स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेत टेकतं आहे ना ते बघा. एका बाजूला वेटोळे दाट असतील तर ती बाजू जुन्या स्प्रिंगप्रमाणेच वर किंवा खाली ठेवा. लिंक आर्मचा एखादा बोल्ट सोडला असेल तर त्याच्या बुशलाही वरचाच नियम: शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना.

पुढच्या किंवा मागच्या बाजूला शॉकअप आणि स्प्रिंग एकाच नळकांड्यात असलेला स्ट्रट असेल तर तो घरी उघडू नका. तिथे वरचा एक नट दाबलेल्या स्प्रिंगला अडवून असतो. स्ट्रट अखंड उतरवून स्प्रिंग कम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्या, स्प्रिंग तिथे बदलून घ्या आणि घरी आणून पुन्हा बसवा.